मुंगी अभ्यासायची ती शाळेच्या पटांगणातच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत मुंग्यांचीही मोठी लगबग सुरू झालेली असते. वर्गाच्या उंबरठ्यावर, पटांगणातल्या चिंचेच्या बुंध्याशी, पाण्याच्या टाकीच्या कडेने त्यांच्या रांगा दिसतात. तरीही आपल्या मुलांची मुंगीशी ओळख होते ती बहुधा दोनच मार्गांनी, घरात विषारी खडूची रेघ ओढली जाताना आणि शाळेत उद्योगीपणाची गोष्ट ऐकताना. एक जिवंत प्राणी म्हणून ती कशी जगते, काय खाते, वाट कशी ओळखते, हे पाहण्याची संधी या दोन्ही ठिकाणी मिळत नाही. प्राथमिक शाळांनी परिसर अभ्यासाचे निदान काही तास वर्गाबाहेर, मुंग्यांच्या रांगेशेजारी बसून घ्यावेत, अशी सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यासाठी फार तर एक भिंग लागते, आणि तेही नसले तरी अडत नाही. फरशीवरून चाललेल्या रांगेवर ओले बोट एकदा आडवे घासावे. त्या जागी आलेल्या मुंग्या थबकतात, मिशा खाली टेकवून चाचपडतात, काही मागे फिरतात. मग एखादी पलीकडे पोहोचते, तिच्यामागून दुसरी जाते आणि थोड्या वेळाने तुटलेली रांग पुन्हा जुळते. या मुंग्या आधीच्या मुंग्यांनी जमिनीवर सोडलेल्या गंधाच्या खुणेवर चालत असतात, हे यानंतर दोन वाक्यांत सांगितले तरी मुलांच्या कायमचे लक्षात राहते. मुंग्या तोंडात धरून नेतात ते पांढरे दाणे मुलांना अंडी वाटतात. प्रत्यक्षात ती बहुधा अळ्या किंवा कोष असतात, कारण खरी अंडी फारच बारीक असतात. रांगेत दिसणाऱ्या सगळ्या कामकरी मुंग्या माद्या असतात, हे ऐकून तर वर्गात हमखास चर्चा सुरू होते आणि ती होऊ द्यावी.

या निरीक्षणाची आपल्या मातीतच एक जुनी परंपरा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असावे. विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने 1829 साली पुण्यात, परेडच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर, गवताच्या बियांच्या मूठ-मूठभर ढिगल्या पाहिल्या. पावसाने भिजलेला साठा मुंग्यांनी पहिल्या उघडिपीला वाळवण्यासाठी बाहेर काढला असावा, असे अनुमान त्याने केले आणि 1835 मध्ये ते छापून आले. त्या काळी युरोपातले अनेक अभ्यासक धान्य साठवणारी मुंगी ही जुन्या ग्रंथांतली कल्पना समजत, कारण त्यांच्या थंड प्रदेशात तशा मुंग्या दिसत नव्हत्या. त्यांच्या या समजाला छेद देणारा एक भक्कम पुरावा पुण्याच्या माळावरून गेला. आजही माळरानावर बिळाच्या तोंडाभोवती बियांच्या टरफलांचे गोल कडे आढळते, आणि ते शोधून काढणे चौथी-पाचवीच्या मुलांना सहज जमते.

शाळेच्या कुंपणाशी एरंड असेल तर आणखी एक गोष्ट पाहता येते. एरंडीच्या टोकाला एक लहानसा फिकट उंचवटा असतो. त्याच्या लोभाने मुंग्या बी ओढून नेतात, तेवढाच भाग खातात आणि बाकीचे बी टाकून देतात, जे पुढे तिथेच रुजू शकते. कोकणातल्या मुलांना तर आंब्याच्या झाडावर ओंबील, म्हणजे पानांची घरटी विणणाऱ्या तांबड्या मुंग्या, पाहायला मिळतात. पाने एकमेकांना चिकटवून त्या घरटे बांधतात. मात्र त्यासाठी लागणारा रेशमी धागा मोठ्या मुंगीला काढता येत नाही. म्हणून कामकरी मुंगी आपल्या अळीला जबड्यात धरते आणि पानांच्या कडांवरून तिला धोट्यासारखी इकडून तिकडे फिरवते. हे घरटे मुलांना लांबूनच दाखवावे, कारण ओंबिलांचा चावा चांगलाच झोंबतो.

शिक्षकांना दोन विनंत्या आहेत. मुंग्या बाटलीत किंवा डबीत भरून वर्गात आणू नयेत, बिळेही खणू नयेत. वसाहतीपासून तुटलेली कामकरी मुंगी फार काळ तग धरत नाही आणि तिचे खरे वागणे डबीत दिसतही नाही. दुसरे म्हणजे, निरीक्षणाचे तात्पर्य आधी सांगू नये. मुंगी क्षणभरही थांबत नाही, असे आपण मुलांना सांगत आलो. पण अभ्यासकांनी एकेका मुंगीवर खूण करून पाहिले, तेव्हा वसाहतीतल्या बऱ्याच मुंग्या बराच वेळ नुसत्या बसून असतात, असे आढळले. मुलांना जे दिसेल ते त्यांनी तसेच्या तसे वहीत लिहावे. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे मुंग्यांचे की वाळवीचे, याचा निकालही त्यांनीच लावावा: कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतील तर ती मुंगी, चारही पंख सारखे आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी, जी कुळाने झुरळाच्या जवळची आहे.

भारतात मुंग्यांच्या 800 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरींच्या रोजच्या सवयींविषयी आपल्या भाषेत मुलांसाठी ओळभरही लिहिलेले नाही. आपल्या बालपुरवणीत या पावसाळ्यात दर आठवड्याला थोडी जागा मुलांनी स्वतः केलेल्या अशा नोंदींसाठी ठेवावी. नोंदीसोबत गाव, तारीख, वेळ आणि पाऊस होता की ऊन, एवढे लिहायला सांगितले तर कोकण, देश आणि विदर्भातल्या मुलांना एकमेकांच्या नोंदी ताडून पाहता येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा