निबंधाचा विषय मुलांनाच निवडू द्या

संपादक महोदय,

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ चा राष्ट्रीय विज्ञान दिन, त्यामुळे सध्या शाळाशाळांतून निबंधस्पर्धांची धांदल आहे. तालुक्याच्या स्पर्धेचा गठ्ठा तपासायला माझ्याकडे आला. ‘विज्ञान : शाप की वरदान’ म्हटले की तोच अणुबॉम्ब, तेच मोबाइलचे व्यसन. नाटकावर लिहा म्हटले, तर पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याचा सारांश! दोष मुलांचा नाही. मार्गदर्शकातला निबंध घोकला की गुण हमखास, स्वतःचे लिहिले की ‘विषयांतर’ असा लाल शेरा.

याच गठ्ठ्यात एका मुलीने ऊसतोडीला गेलेल्या आईबद्दल लिहिले होते. आईचा फोन रात्री उशिरा येतो, कारण तो ट्रॅक्टरवर चार्ज करावा लागतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ, म्हणून सहपरीक्षकांनी निबंध बाजूला ठेवला.

फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले आणि आमचा धर्म कोणता, असा थेट देवालाच सवाल केला. आजच्या स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ तरी बक्षीस मिळाले असते का, शंकाच आहे.

आयोजकांनी निदान एक विषय मोकळा ठेवावा आणि शुद्धलेखनाचे गुण वेगळे मोजावेत.

– एक शिक्षिका, बीड