चेंडूची भीती घालवणाऱ्या मॅडमना

मॅडम,
स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. समोर येऊन आभार मानले असते, तर 'ते राहू द्या, आज कोण कोण आलंय?' म्हणत तुम्ही हजेरी घ्यायला सुरुवात केली असती. शिवाय लहान मुलांना सॉफ्टबॉल शिकवणारं आणखी कुणी हे वाचेल, तर त्यांच्याही कामी येईल.

आमच्या मुलांना बॅटिंगची भारी हौस. फिल्डिंग म्हटलं की मात्र कुणाला तहान लागायची, कुणाच्या बुटाची नाडी सुटायची. खरं कारण भीती. चेंडू जवळ आला की मान वळायची, डोळे मिटायचे आणि ग्लोव्ह नुसताच पुढे व्हायचा. मग चेंडू मनगटावर नाहीतर हनुवटीवर बसायचा आणि भीती आणखी घट्ट व्हायची. 'घाबरू नकोस' असं मैदानाच्या कडेने सगळेच ओरडतात. तुमच्या तोंडून ते वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. तुम्ही ग्लोव्हज काढून ठेवायला लावलेत, मुलांच्या हातात मऊ टेनिस बॉल दिलेत आणि एकच अट घातलीत: झेल घेताना आवाज येता कामा नये.

त्या अटीत सगळं होतं. आवाज यायला नको असेल तर चेंडू हाताला लागताच हात अंगाकडे मागे घ्यावा लागतो, आणि तसा घ्यायचा तर चेंडू शेवटपर्यंत बघावाच लागतो. मान वळवणाऱ्या मुलांना 'मान वळवू नका' असं सांगायची गरजच उरली नाही. मला आजही तुमचं हेच शिकवणं सगळ्यांत मोठं वाटतं.

खरा चेंडू आला तोही लगेच मोठा नाही. फास्टपिचमध्ये, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या सॉफ्टबॉलमध्ये, मोठ्यांचा चेंडू 12 इंच घेराचा, 178 ते 198 ग्रॅम वजनाचा. लहान पंजात तो मावत नाही, त्यामुळे पकड चुकते आणि थ्रोही बिघडतो. तुम्ही 11 इंचीपासून सुरुवात केलीत, आणि पकड घेताना शिवणीवर आडवी तीन बोटं ठेवायला सांगितलीत. मोठ्या भावंडांचे जड ग्लोव्हजही बाजूला गेले. झेल तळव्यात घेतला तर हात झणझणतो, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जाळीजवळ घेतला तर नाही, हे मुलांना ग्लोव्ह हाताला नीट बसल्यावरच कळलं.

एक मुलगी झेल घेतल्यावर ग्लोव्ह काढून काखेत धरायची आणि मग थ्रो करायची. आम्हाला ती तिची लकब वाटायची. तुम्ही आल्या आल्या ओळखलंत की ती डावखुरी आहे आणि ग्लोव्ह डाव्या हातात अडकवून खेळतेय. उजव्या हाताचा ग्लोव्ह मिळाल्यापासून तिचा थ्रो बघण्यासारखा झालाय.

कमरेच्या वर चेंडू आला तर बोटं वर, कमरेखाली आला तर बोटं खाली, हे कुणीही शिकवतं. बरोबर कमरेवर येणाऱ्या चेंडूचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. तिथेच हात गोंधळतात, आणि मुलांना लागतं तेही तिथेच. तुमचं उत्तर सोपं होतं: गुडघे वाकवा, म्हणजे तोच चेंडू छातीवर येईल.

जमिनीवरून येणाऱ्या चेंडूवर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात, आणि मला वाटतं तो योग्यच होता. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं, म्हणजे पळून गाठायच्या दोन टप्प्यांमधलं, अंतर 60 फूट, म्हणजे जेमतेम 18.29 मीटर; बेसबॉलमध्ये ते 90 फूट असतं. इथे शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या) हातून चेंडू एकदा जरी निसटला, तरी चेंडू मारून पळणारी फर्स्ट बेसवर पोहोचलेली असते. म्हणून दोन्ही हात. ग्लोव्ह आधीच जमिनीला टेकलेला, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, चेंडू डोळ्यांसमोर, आणि दुसरा हात झाकणासारखा वर. चेंडू आत आला की तोच हात तो बाहेर काढतो, शोधाशोध नाही. ग्लोव्ह खाली का ठेवायचा, हे तुम्ही दाखवूनच दिलंत: चेंडूने उसळी घेतली तर हात आपोआप वर जातो, पण वर धरलेला हात ऐनवेळी खाली येत नाही आणि चेंडू पायांमधून निघून जातो. हे सगळं आधी हाताने लोटलेल्या चेंडूंवर, मग गुडघ्यावर बसून, आणि बऱ्याच दिवसांनी बॅटने मारलेल्या चेंडूंवर. काही पालकांना तो वेग फार संथ वाटला. तुम्ही ते हसून सोडून दिलंत.

उंच झेलांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आमच्या आऊटफिल्डची, म्हणजे बेसच्या पलीकडे लांब उभ्या असणाऱ्यांची, प्रगती अजून चालू आहे. चेंडू डोक्यावरून जातोय असं दिसताच उलट्या पावलांनी मागे जायचं नाही, टाचा अडकतात. एक पाय मागे टाकून, कंबर वळवून सरळ पळायचं. पळताना ग्लोव्ह आधीच ताणून धरायचा नाही. आणि 'माझा!' असं मोठ्याने, पुन्हा पुन्हा ओरडायचं. इनफिल्ड (बेसच्या आसपासचा भाग) आणि आऊटफिल्डच्या मध्ये पडणारा चेंडू आऊटफिल्डरचा, कारण ती पुढे पळत येते आणि तिला तो समोर दिसतो. हा नियम पाठ झाल्यापासून दोघींची टक्कर होत नाही. सगळ्यांत लाजरी होती ती आता सगळ्यांत मोठ्याने ओरडते, कधीकधी चेंडू दुसऱ्याच टोकाला असतानाही.

ज्याच्याकडे चेंडू येत नाही त्यालाही काम असतं, हे तुमच्यामुळे मुलांच्या अंगवळणी पडलं. थ्रो फर्स्ट बेसकडे निघाला की राइट फिल्डर, म्हणजे आऊटफिल्डमध्ये फर्स्ट बेसच्या बाजूला असणारी, त्या बेसच्या मागे धावते. दहापैकी नऊ वेळा तिचं पळणं फुकट जातं, पण आता त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. सामन्यात कुणाच्या हातून चेंडू सुटला तर बाकीच्या तिच्याकडे बघत बसत नाहीत, चेंडूकडे पळतात. एवढं शिकवल्याबद्दल मी आणि सगळे पालक तुमचे मनापासून आभारी आहोत.

आता एक अडचण. बॅकहँड, म्हणजे ग्लोव्ह उलटा करून अंगाच्या दुसऱ्या बाजूचा चेंडू घेणं, अजून कच्चा आहे. ग्लोव्ह उलटा करताना बहुतेकांचं कोपर अंगाला चिकटतं आणि चेंडू ग्लोव्हच्या कडेला लागून सुटतो. ग्लोव्हशिवाय, गुडघ्यावर बसून सुरुवात करू का, की आधी पावलांचं काम घेऊ? एखाद्या संध्याकाळी मैदानावर येणं जमलं तर उत्तम, नाहीतर फोनवर सांगितलंत तरी चालेल.

कळावे,
आपला नम्र,
मैदानावर चेंडू गोळा करणारा एक पालक