विकायचं नाही, पण माप पाठव

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, तुझ्या विणकामाचं इन्स्टावर पेज काढ, ऑर्डरी घे, लोगो मी करून देतो." मी "बघू" म्हटलं आणि विषय बाबांच्या गुडघ्यावर नेला. तुला वाटलं असेल, हिला जमणार नाही म्हणून टाळतेय. जमेल रे. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा आमच्या शाखेतले निम्मे लोक रजेवर गेले होते, मी तेव्हाही शिकलेच. टाळलं ते वेगळ्याच कारणासाठी. आणि फोनवर असलं काही सांगायला घेतलं की तू "हं, हं" करतोस आणि मागून तुझा मायक्रोवेव्ह वाजतो. म्हणून लिहिते.

आधी हिशेब, कारण सुरुवात तू पैशापासून केलीस. माझ्या हाताला, डबल निटच्या म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीत, ८ नंबरच्या सुयांवर दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे तळहाताएवढ्या त्या चौकोनात ६६० टाके. तुझ्या अंगाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये, काखेची आणि गळ्याची घट वजा करून, असे नव्वदच्या वर चौकोन भरतात. साठ हजार टाके धर. मी मिनिटाला तीस विणते, तेही समोर मालिका चालू नसेल तर. झाली दोन हजार मिनिटं, म्हणजे तेहतीस तास. भाग जोडणं, गळपट्टी उचलणं, टोकं आत ओवणं हे सगळं वेगळं. तासाला शंभर रुपये लाव (आपल्या पोळ्यावाल्या मावशी याहून जास्त मिळवतात, आणि मिळवाव्यातच), वर लोकरीचे बाराशे. साडेचार हजारांचा स्वेटर झाला. इकडे थंडी पडली की तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या राहुट्या लागतात, माल बहुतेक लुधियानाचा, सातशे-आठशेत छान स्वेटर मिळतो आणि त्याची शिवण माझ्या शिवणीपेक्षा सरळ असते. माझा कोण घेणार? घेतलाच तर कौतुकाने घेईल, आणि कपाटात ठेवून देईल.

हा हिशेब ऐकून बाबा म्हणाले, "मग वेग वाढव." त्यांना काय जातंय! वेगाचंच म्हणशील तर तो तुमच्या स्कॉटलंडच्या बायकांचा. शेटलँड बेटांवरच्या हेझल टिंडल म्हणून एक बाई आहेत, त्यांनी स्पर्धेत तीन मिनिटांत २६२ टाके विणले होते. तिकडच्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधतात, त्याला भोकं असलेली भरीव गादी असते, त्या भोकात उजव्या सुईचं टोक खोचायचं. सुईचा भार पट्टा घेतो आणि हात फक्त टाके सरकवायला मोकळे राहतात. मी व्हिडिओ तीनदा थांबवून थांबवून पाहिला, तरी धागा बोटावरून कधी गेला ते दिसलं नाही.

पण समज, कुणी दिलेच साडेचार हजार. तरी मला ते नको आहेत. कारण उसवण्याचं आहे.

दिवाळीनंतर बाबांसाठी समोरून उघडा स्वेटर विणायला घातला होता, राखाडी, पुढच्या दोन्ही भागांवर वेणीची वीण. पाठ झाली, उजवा भाग काखेपर्यंत आला. वीण चुकलेली नव्हती, माप बरोबर होतं. फक्त अंगाला लावून बघितल्यावर ती वेणी बरोबर त्यांच्या पोटावर येत होती आणि पोट होतं त्याच्या दीडपट दिसत होतं. ते म्हणाले, "राहू दे गं, मला चालेल." मला नाही चालणार. मी सुई काढली आणि ओढायला लागले. बाबा पेपर खाली ठेवून बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांना याची सवय झालेली नाही.

उसवण्यातही कामं असतात, ती तू कधी पाहिली नाहीस, कारण तेव्हा तू शाळेत असायचास. उसवलेला धागा मॅगीसारखा कुरळा निघतो. तसाच परत विणला तर टाके लहानमोठे येतात. म्हणून तो खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करायची, चार ठिकाणी सुताने सैलसर बांधायची, कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवायची. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची आणि सावलीत दांडीला टांगायची. खाली थोडं वजन अडकवलं की वाळेपर्यंत धागा सरळ होतो. खरी लोकर असेल तर. अ‍ॅक्रिलिक हट्टी, ते एकदा वाफेने बसलं की बसलं. आणि आपण "लोकर" म्हणून दुकानातून जे आणतो ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकच असतं. खात्री करायची तर टोकाचा तुकडा जाळून बघ. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक.

तुझा पाचवीतला मरून स्वेटर आठवतो? तो आधी बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर होता, लग्नानंतर मी त्यांना केलेला पहिला. तुझ्यानंतर तो धागा सुमामावशीच्या मुलीच्या टोपीत गेला, उरलेला माझ्या पायमोज्यांच्या टाचांत आहे. ऑर्डर घेतली की हे सगळं संपतं. गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असते. वेणी पोटावर आली तरी ती तशीच द्यायची, कारण त्याने फोटो पाहून तीच मागितलेली असते. विणताना मनात तो माणूस आणि त्याचे पैसे, दुसरं काही येणार नाही. बँकेत छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तारखा सांभाळल्या. आता नको.

याचा अर्थ मी लोकांना करून देत नाही असा नाही. वर्षाला चार-पाच बाळंतविडे होतात: टोपडं, झबलं, मोजे, दुपटं. गेल्या महिन्यात आपल्या वॉचमनच्या नातीला केला. लहान बाळाला मात्र मी मुद्दाम अ‍ॅक्रिलिकच घेते, मऊ, बेबी लोकर म्हणून मिळतं ते. आईला दिवसातून चारदा धुवावं लागतं, तिला कुठे मेरिनो लोकरीचे लाड! आणि टोपड्याला बंद लावायचे ते विणलेले, रिबिनीचे नाहीत, शिवाय फार लांब नाहीत. जाळीची वीणही बाळाला नको, बोटं अडकतात. हे नियम माझ्या आईचे. तिने १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा जवानांसाठी विणलं होतं. त्या वेळी देशभर बायका विणत होत्या. आमच्या गल्लीत म्हणे दुपारी प्रत्येक ओट्यावर खाकी नाहीतर हिरवा गुंडा असायचा, आणि ज्यांना फक्त सुलट टाका येत होता त्यांच्याकडे मफलर दिलेले. आई मोजे करायची. टाच वळवणं तिच्यासारखं मला अजून येत नाही.

आता तुझ्या निळ्या स्वेटरचं. फोटो पाहिला. तुझ्या रूममेटने गरम पाण्याच्या सायकलला टाकला, तो आता आठ वर्षांच्या पोराला होईल, आणि तू विचारतोयस की ओला करून ताणला तर येईल का मूळ मापात. नाही येणार. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. आपल्याकडे धनगरांच्या लोकरीची घोंगडी सोलापूरकडे करतात, पाऊस सहजी आत शिरू देत नाही, त्यातही हाच गुण कामाला येतो. तेव्हा ताणू नकोस, आणि त्या मुलाला रागवूही नकोस, त्याच्या घरी कुणी विणत नसेल. त्यातही फायदा आहे: असा आटलेला कपडा कात्रीने कापला तरी उसवत नाही. पाठीचा तुकडा कापून किटलीला टोपडं कर, बाह्यांचे गरम भांडी धरायचे रुमाल होतील. फोटो पाठव, मला बघायचंय.

नवा विणायला घालणार आहे. म्हणूनच खरं तर हे पत्र. या वेळी लोकर तूच आण, येताना चॉकलेटं नकोत. तिकडे शेटलँडची लोकर मिळते, जरा चरचरीत असते, गळ्याला टोचेल, पण रंगीत नक्षीसाठी तीच घेतात, कारण धागे एकमेकांना धरून राहतात. पाचशे ग्रॅम पुरेल. दुकानातल्या बाईने सुयांचं विचारलं तर ४ मिलिमीटर सांग, नंबर सांगू नकोस. आपले नंबर जुने ब्रिटिश, ८ म्हणजे ४ मिलिमीटर आणि नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेचे उलटे, त्यांचा ८ म्हणजे ५ मिलिमीटर. शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना आपल्या ८ नंबरवर केला, काकांसाठीचा स्वेटर शेवटी त्यांच्या नातवाला झाला. नातू खूश आहे.

लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे बघून घे, नाहीतर उन्हात पाठ एका छटेची आणि बाह्या दुसऱ्या. एक गुंडा जास्तच घे. उरला तर मोजे होतील.

माप छातीचं घेऊ नकोस, तू श्वास ओढून घेतोस हे मला माहीत आहे. जो स्वेटर तुला अंगात बरा वाटतो तो पलंगावर पसर, ताणू नकोस, आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोज. मग खांद्यापासून खालच्या काठापर्यंत, मानेच्या मागच्या हाडापासून मनगटापर्यंत, आणि मनगटाचा घेर. घेर सैल घे, तू घड्याळ घालतोस. चारही आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव, व्हॉइस मेसेज नको, बाबा ऐकून चुकीचं लिहितात.

मी सध्या सकाळी नऊ ते अकरा गॅलरीत बसते, तिथे उजेड चांगला असतो. निफाडला पारा उतरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, पेपरात फोटो आले, की आपल्याकडेही सकाळी हात गारठतात आणि टाके घट्ट येतात. मग चहाचा कप धरून बोटं शेकायची आणि पुन्हा सुरू. संध्याकाळी खाली बाकावर आम्ही चौघी असतो. तिथे फक्त सुलट-उलट, कारण गप्पांमध्ये नक्षी मोजता येत नाही. एखादा टाका गळून पाच-सहा ओळी खाली गेला तर पूर्वी घाबरायचे. आता क्रोशाची सुई त्या सुटलेल्या टाक्यात घालते, वरचा आडवा धागा त्यातून ओढते, मग त्याच्या वरचा, असं पायरी पायरीने वर आणून सुईवर ठेवते. तेवढ्यात कुणाच्या सुनेचं काय झालं तेही कळतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रंग फार स्वच्छ दिसतात, तुझा जुना निळा मला इतका निळा वाटायचाच नाही. तेव्हा रंग तुला हवा तो घे, मोरपंखी, गंजासारखा लाल, हिरवा, काहीही. काळा मात्र नको. रात्री दिव्याखाली काळ्यातले टाके मला अजूनही मोजता येत नाहीत.

तुझी
आई