सापडलेली वाकळ तिच्या घरी पोहोचावी म्हणून: कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय: पूरकाळात निवारा केंद्रांत मागे राहणाऱ्या, हाताने केलेल्या वस्तू मालकांना परत मिळण्याबाबत

माननीय महोदय,

सविनय नमस्कार. पावसाळ्याच्या तोंडावर पूरनियंत्रणाच्या तयारीची बैठक होते, तेव्हा बोटी, औषधे, धान्य, चारा आणि निवारा केंद्रे यांचा विचार होतो आणि तो तसाच आधी व्हायला हवा. त्याच बैठकीत आणखी एका विषयाला जागा मिळावी, अशी माझी विनंती आहे. लोक निवारा केंद्रातून घरी परतल्यावर तिथे मागे राहिलेल्या वस्तूंपैकी घरच्या हातांनी केलेल्या वस्तू कचऱ्यात किंवा वाटपाच्या ढिगात जाऊ नयेत, त्यांची नोंद व्हावी आणि त्या मालकापर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न व्हावा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की नदीकाठची घरे आवराआवर सुरू करतात आणि ४३ फुटांच्या धोका पातळीनंतर अनेकांना हाताला येईल ते घेऊन निघावे लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी पन्नास फुटांच्याही वर गेले होते. अशा वेळी आधी कागदपत्रे, औषधे आणि दागिने घेतले जातात, जनावरे सोडवली जातात आणि लेकरांच्या अंगावर घालायला घरातली वाकळ उचलली जाते. निवारा केंद्रात तीच वाकळ मदत म्हणून आलेल्या चादरी-ब्लँकेटांत मिसळते. परतताना घाई असते, घरात चिखल किती साचला असेल याची धास्ती असते आणि कोणाची वाकळ कोणाच्या गाठोड्यात गेली किंवा कोणती तिथेच राहिली, हे लक्षात यायला पुढे कित्येक दिवस जातात.

जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही काही जण एका निवारा केंद्राची आवराआवर करत होतो. ओल्या कपड्यांच्या ढिगात एक वाकळ निघाली. पाणी प्यायलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही आणि दोन दिवस तशीच पडली तर तिला कुबट वास सुटतो, म्हणून टाकून देण्यात पहिला क्रमांक तिचाच लागतो. आमच्यात वाकळी शिवणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी ती उलगडली आणि टाकू दिली नाही. स्वच्छ पाण्यातून काढून, दोरीवर न टांगता, पत्र्याच्या शेडमध्ये सावलीत आडवी पसरून वाळवायला सांगितले, कारण ओल्या कापडाच्या वजनाने जुना दोरा तुटतो.

मग त्या वाचल्यासारखी ती वाकळ सांगू लागल्या. वरचा थर इरकली लुगड्याचा, आत धोतराच्या घड्या, मध्ये शाळेच्या खाकी चड्डीचे ठिगळ, एका कडेला लहान मुलाच्या झबल्याचा तुकडा. काठाकडून आत फिरत गेलेला धावदोरा तीन बाजूंना बारीक आणि एकसारखा होता, चौथ्या बाजूला मात्र लांब लांब पडलेला. अर्धी वाकळ एका बाईने शिवली आणि उरलेली दुसऱ्या, नवख्या हाताने पुरी केली, असे मावशींचे म्हणणे पडले. ते पुढे खरे निघाले.

मालक शोधायचा कसा, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या दिनक्रमात होते. गावातले जवळपास प्रत्येक घर सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला जाते. पुराने थांबलेले दूधसंकलन सुरू झाल्यावर आम्ही वाकळीच्या फोटोचे कागद दुधाच्या गाडीबरोबर नदीकाठच्या गावांतल्या दूध संस्थांकडे पाठवले. काही दिवसांनी करवीर तालुक्यातल्या एका गावातून एक आजी नातवाला घेऊन आल्या. (त्यांच्या इच्छेनुसार नाव आणि गाव येथे देत नाही.) फोटोत आम्ही वाकळीचा एक कोपरा मुद्दाम दाखवला नव्हता आणि आजींनी वाकळ पाहण्याआधी त्याच कोपऱ्याविषयी सांगितले: “कोपऱ्यावरचं ठिगळ उचलून बघा, त्याच्या आत माझ्या आईच्या चोळीचा खण हाय.” मावशींनी दोन टाके उसवले. आत लाल खण होता. आईने सुरू केलेली वाकळ तिच्या पश्चात लेकीने, म्हणजे या आजींनी, पुरी केली होती. मावशींनी तिथेच सुई मागवून ते दोन टाके पुन्हा घातले आणि मगच वाकळ आजींच्या हाती दिली.

महोदय, ही वाकळ परत गेली ती केवळ योगायोगाने नव्हे. हाताने केलेल्या वस्तूत ओळखीच्या इतक्या खुणा असतात की तिला पावती लागत नाही. दुकानातून आणलेली एकसारखी चार ब्लँकेटे समोर ठेवली तर त्यांतले आपले कोणते, हे मालकालाही सांगता येणार नाही; पण वाकळ, कुंची, मण्यांचे तोरण किंवा भरतकामाची चौकट यांच्या प्रत्येक चुकलेल्या टाक्याचा जाणकार कुठल्यातरी घरात असतो. म्हणजे ज्या वस्तू परत देणे सर्वांत सोपे आहे, नेमक्या त्याच आपण सर्वांत आधी टाकून देतो. याचे कारण मला एकच दिसते: त्यांना बाजारात किंमत नाही.

कायद्यातही मोजमाप बरेचसे किमतीचेच आहे. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकी जबाबदारी येते, असे भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७१ सांगते आणि ही तरतूद मला फार मोलाची वाटते. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम १६९ नुसार मालक सापडत नसेल आणि वस्तू सांभाळण्याचा व शोधाचा वाजवी खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला, तर सापडणाऱ्याला सर्वसाधारणपणे विकली जाणारी वस्तू विकता येते. जुन्या वाकळीची किंमत कोण किती धरणार? तिच्या फोटोची प्रत काढण्याचा खर्चही त्या किमतीपुढे जास्त ठरेल. मदतीच्या हिशेबातही तेच घडते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पात्र कुटुंबाला कपड्यांसाठी २५०० रुपये आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २५०० रुपये धरले आहेत. ती मदत आवश्यक आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण आईच्या हातची वाकळ त्या कपड्यांच्या रकमेत बसत नाही आणि कोणत्याही रकमेने ती नव्याने घेता येत नाही. तिची भरपाई फक्त ती वस्तू परत मिळाली तरच होते, म्हणून शोधाची जबाबदारी इथे जास्त येते.

अशी व्यवस्था अवघड नाही, हे रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘ऑपरेशन अमानत’वरून दिसते. प्रवाशांचे राहिलेले सामान शोधून त्यांच्या हवाली करण्याचे काम त्या नावाने चालते. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके आहेत. निदान शिरोळ, करवीर आणि हातकणंगले या पुराचा फटका वारंवार बसणाऱ्या तालुक्यांपासून सुरुवात करता येईल. निवारा केंद्र बंद करताना तिथल्या जबाबदार कर्मचाऱ्याने हाताने केलेल्या वस्तू वेगळ्या काढाव्यात, त्यांचा फोटो आणि सापडल्याची जागा व दिनांक नोंदवावा, एक खूण मात्र नोंदवहीतच ठेवून फोटोत दाखवू नये, म्हणजे खोटा दावा ओळखता येईल. फोटो केवळ संकेतस्थळावर टाकून भागणार नाही. ज्यांच्या या वस्तू आहेत त्या आजी-मावश्या दूध संस्थेत, रेशन दुकानात, ग्रामपंचायतीच्या फलकापाशी आणि आठवडी बाजारात भेटतात. कागद तिथे लागायला हवेत. शक्य तिथे बचत गटाच्या एखाद्या शिवणकाम जाणणाऱ्या सदस्येला नोंद करताना बरोबर घ्यावे, कारण आमच्यापैकी कोणालाही जे दिसले नाही ते मावशींना दिसले.

मुदतीबद्दलही विनंती आहे. पोलिसांच्या ताब्यातील मालमत्तेचा मालक अज्ञात असेल, तर उद्घोषणेनंतर हक्क सांगायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ मध्ये ६ महिन्यांची मुदत आहे. निवारा केंद्रातील वस्तूंना ते कलम थेट लागू होत नसले, तरी तेवढी मुदत किमान धरावी. माझ्या मते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत असावी. पुरानंतरचे पहिले काही महिने घर उभे करण्यात जातात, आणि वाकळीची आठवण थंडी पडल्यावर, अंथरुणे काढताना येते.

आमच्याकडे त्या केंद्रातल्या काही वस्तू अजून आहेत: एक कुंची, मण्यांचे एक तोरण आणि काचेच्या चौकटीतले भरतकाम, ज्याच्या कडेचा रंग पाण्याने पसरला आहे. तिन्हींचे फोटो आणि राखून ठेवलेल्या खुणा लिहून तयार आहेत. आपण ज्या तहसील कार्यालयाला सांगाल, तिथे त्या पोच घेऊन जमा करू आणि नोंदीचे काम शिकवायला मावशी स्वतः यायला तयार आहेत.

आपली विश्वासू,
पूरकाळात मदतकार्य करणारी एक नागरिक
कोल्हापूर