पेशींच्या जगण्यामरण्याविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

संसर्ग ओसरल्यावर लढलेल्या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जातात कुठे, असे तू विचारले होतेस. त्यांतील बहुतेक मरतात, आणि त्यांना मारायला बाहेरून कोणी यावेच लागते असे नाही. जगण्याचा संकेत येणे थांबले तरी पुरते.

विश्रांत टी पेशीसुद्धा इंटरल्यूकिन-७ या संकेतरेणूच्या आधारावर तग धरते. हा रेणू पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला) जोडला गेला, की आतील जॅक-१ आणि जॅक-३ ही विकरे सक्रिय होऊन स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात, ते जोडीने केंद्रकात शिरते आणि बीसीएल-२ या प्रथिनाची निर्मिती चालू ठेवण्यास मदत करते. मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य आवरणाला भोके पाडणारी प्रथिने पेशीत आधीपासूनच असतात. बीसीएल-२ त्यांचे हात बांधून ठेवते. ते कमी पडले, की मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर झिरपते, प्रथिने तोडणारी कॅस्पेज विकरे जागी होतात आणि पेशी स्वतःलाच मोडीत काढते.

वाढीचे गणित निराळे. प्रतिजनाची, म्हणजे जंतूच्या खुणेची, ओळख पटून सीडी-२८ या दुसऱ्या ग्राहीकडूनही दुजोरा मिळाला, तर वाढीला चालना देणाऱ्या एमटॉर या विकराचा मार्ग खुला होतो, पेशी ग्लुकोज भराभर आत घेऊ लागते, आकाराने फुगते आणि मग विभागते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे रॅपामायसिन हे औषध नेमका हाच मार्ग अडवते.

पेशी संकेतांवरच जगतात याचा मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र रुग्णांकडून आला. इंटरल्यूकिन-२, ७ आणि १५ यांच्या ग्राहींत सामाईक असणाऱ्या गॅमा साखळीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यातील दोषामुळे काही मुलगे टी पेशींविनाच जन्मतात, हे १९९३ मध्ये उलगडले. पुढे १९९५ मध्ये जॅक-३ च्या दोषानेही जवळजवळ तोच आजार होतो, आणि तो मुलींनाही होतो, असे दिसले. ग्राही तुटो वा त्याखालचे विकर, परिणाम एकच!

याउलट फॉलिक्युलर लिम्फोमा या बी पेशींच्या (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) कर्करोगात १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे बीसीएल-२ चा अतिरेक होतो. त्या बी पेशी फार वेगाने विभागतात असे नाही, त्या मरायच्या राहून जातात. बीसीएल-२ ला रोखणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती मात्र दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी. त्या आजारात हे औषध २० मिलिग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ४०० पर्यंत नेतात, कारण एकदम पूर्ण मात्रा दिली तर पेशी इतक्या झपाट्याने फुटू शकतात, की त्यांतून बाहेर पडणारे पोटॅशियम आणि फॉस्फेट मूत्रपिंडांना झेपत नाही.

तुझा,
माधव