आजोबा, टेम्पोत बसा की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी सांगलीत किडनीच्या रुग्णांसाठी झालेल्या दौडीची बातमी आपण सोमवारी पहिल्या पानावर दिलीत, त्याबद्दल आभार. पण त्या बातमीत एक वाक्य आहे, ‘शेवटचा स्पर्धक येईपर्यंत टाळ्यांचा कडकडाट सुरू होता.’ हे कुणी पाहिलं? मी १० किलोमीटरच्या गटात धावलो. वय ६७. शेवटच्या डझनभरांत होतो. मी पोचलो तेव्हा टाळ्या नव्हत्या, कमान नव्हती आणि जमिनीवरची टायमिंगची मॅटही नव्हती. ती गुंडाळून टेम्पोत टाकली होती. फोटोखाली आपण ‘उत्साहाने चालणारे ज्येष्ठ नागरिक’ असं छापलंत. त्या फोटोत डावीकडून दुसरा मी आहे आणि मी धावतो आहे.

माहितीपत्रकात कटऑफ, म्हणजे दौड पूर्ण करायची मुदत, दोन तासांचा होता आणि सुटायची वेळ पहाटे ६ ची. आम्ही ५ ला विश्रामबागला हजर होतो. अंग गरम करून घेतलं. मग ६ वाजले, सव्वासहा झाले, स्टेजवर झुंबा चालू, मुलांची गाणी चालू, आणि प्रमुख पाहुणे वाटेत. दौड सुटली ६.४५ ला. पाऊण तास थंडीत उभं राहिल्यावर साठीच्या पुढच्या माणसाचे गुडघे काय म्हणतात ते सांगायला नको. एवढ्या गर्दीला फिरती शौचालयं दोनच. बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. वयस्कर माणसाला किती वेळा जावं लागतं याचा विचार कुणीच केलेला नव्हता.

पाहुण्यांनी भाषणात बारामतीच्या लता करे यांचं नाव घेतलं. नवऱ्याच्या उपचारासाठी २०१३ साली नऊवारीत, अनवाणी धावलेली बाई. त्या नावाला मोठ्या टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मी १ तास २४ मिनिटांत आलो, म्हणजे घड्याळात ८ वाजून ९ मिनिटांनी. मॅट ८ ला उचलली. विचारलं तर उत्तर मिळालं, वाहतुकीची परवानगी ८ पर्यंतच होती. मला परवानगीचं कळतं, त्याबद्दल तक्रार नाही. मग दौड ६ ला सोडायची होती. पाऊण तास उशीर आयोजकांनी केला आणि तो कापून घेतला हळू धावणाऱ्यांच्या वेळेतून. पहिला आलेला मुलगा पस्तीस मिनिटांत परत आला, त्याचं काय गेलं? छापलेल्या कटऑफप्रमाणे माझ्या हातात अजून ३६ मिनिटं होती. संध्याकाळी मोबाइलवर निकालाची लिंक आली. माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’. छातीवर लावायच्या नंबराच्या, म्हणजे बिबच्या, मागे चिप असते, ती मॅटवरून गेली की वेळ नोंदली जाते. मॅटच नसेल तर चिप काय करणार? संगणकाच्या हिशेबाने मी अजून रस्त्यातच आहे.

सातव्या किलोमीटरला, आयर्विन पूल उतरून परत येताना, पाण्याचं टेबल टेम्पोत चढवत होते. रस्ताभर कागदी पेले पडलेले आणि जारमध्ये थेंब नाही. तिथला कॉलेजचा मुलगा म्हणाला, “आजोबा, टेम्पोत बसा की, सोडतो.” मी म्हटलं, बाळा, पाणी आहे का? त्याने स्वतःच्या सॅकमधली बाटली काढून दिली. त्या पोराबद्दल माझ्या मनात काही नाही, उलट त्याचे उपकार आहेत. पण धावणाऱ्याला टेम्पोत बसवून आणायचा निर्णय त्या मुलाचा नव्हता, तो वरून आला होता. मी बसलो नाही.

मी या दौडीत का धावतो तेही लिहितो. मी रेल्वेत कीमन होतो, मिरजेला. हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळांचा ठरलेला टप्पा पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकून घट्ट करायची, दिसलं ते वहीत लिहायचं. चालण्याची सवय तिथली, धावण्याची नव्हे. निवृत्त झालो त्याच वर्षी माझ्या पत्नीचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. आत तिच्या हातात दोन सुया आणि बाहेर मी बाकावर. बसवेना म्हणून दवाखान्याभोवती चालू लागलो, चालता चालता धावू लागलो. ती विचारायची, आज किती फेऱ्या झाल्या? तीन वर्षं हे चाललं. ती गेल्यावरही मी धावणं सोडलं नाही. या दौडीची फी ७०० रुपये भरली आणि त्याखेरीज पेन्शनर मंडळींकडून १४,५०० रुपये गोळा करून आयोजकांच्या हातात पावती घेऊन दिले. ते पैसे गरजूंच्या डायलिसिसला जाणार आहेत आणि जायलाच हवेत, त्यात माझी खळखळ नाही.

बक्षिसाचा प्रश्न नाही. ४५ च्या पुढचे सगळे एकाच गटात घातले आहेत, तिथे ४६ वर्षांच्या माणसापुढे माझा काय पाड लागणार? मास्टर्सच्या स्पर्धांत ३५ पासून दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, तसा इथेही करायला काही अडचण नाही. पण तोही मुद्दा बाजूला ठेवा. मला माझी वेळ हवी आहे. ब्रिटनमधले पंजाबी धावपटू फौजासिंग २०११ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी टोरोंटोची मॅरेथॉन धावले. ४२ किलोमीटरला आठ तासांच्या वर लागले, पण त्यांची वेळ नोंदली गेली आणि ती जगाने वाचली.

माझ्या मागे एक बाई आल्या, पन्नाशीच्या असतील. पाठीवर कागद लावला होता, ‘भावाला किडनी दिली आहे, मी धावते आहे.’ त्या पोचेपर्यंत मेडलं संपली होती. उरलेली ३ किलोमीटरवाल्यांना वाटली म्हणे. मला टेम्पोतल्या खोक्यातून शेवटचं एक मिळालं होतं, ते मी त्यांना देऊ केलं. त्या म्हणाल्या, “मेडल नको काका, माझी वेळ सांगा.” माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मी सांगितली, १ तास ३८. त्यांनी ती दोनदा विचारून घेतली.

मग मी तिथेच दुभाजकापाशी उभा राहिलो. सर्टिफिकेटच्या टेबलावरून पेन मागून घेतलं आणि जो येईल त्याचा नंबर आणि वेळ माझ्या बिबच्या मागे लिहीत गेलो. नंबर २०८४ चे एक गृहस्थ काठी टेकत आले, १ तास ५२ मिनिटं. तेही दोन तासांच्या आत. माझ्यानंतर एकूण अकरा जण आले, आणि अकराही जण दोन तासांच्या आत.

जाता जाता आणखी एक. ज्या मैदानावर आम्ही सकाळी सराव करतो, तिथे दर महिन्या-दोन महिन्याला कसलं ना कसलं प्रदर्शन भरतं. मांडव निघतो, खिळे तसेच राहतात. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाच्या बुटातून खिळा आरपार गेला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. आयोजकांनी सरावासाठी याच मैदानाचं नाव माहितीपत्रकात छापलं होतं. मैदान भाड्याने देणाऱ्यांनी अनामत परत करण्याआधी एक चक्कर मारून खाली बघावं. मी सोबत यायला तयार आहे, मला वाकून बघायची सवय आहे.

आयोजकांना मी सोमवारीच फोन केला. पलीकडून सांगितलं, निकाल मशीनचा असतो, हाताने लिहिलेलं चालत नाही. रेल्वेने माझ्या हाताने लिहिलेल्या वहीवर इतकी वर्षं गाड्या सोडल्या. म्हणून आता आपल्याकडे पाठवतो आहे. सोबत बिबच्या मागच्या बाजूची झेरॉक्स जोडली आहे, त्यावर अकरा नंबर आणि अकरा वेळा आहेत, सगळ्या दौड सुटल्यापासून मोजलेल्या. सर्वांत वर बारावी माझी आहे, नंबर १९३७, १ तास २४ मिनिटं. नावं छापू नका, फक्त नंबर आणि वेळा छापा. मूळ बिब माझ्याकडे आहे, कुणाला पडताळायचा असेल तर मिरजेला घरी येऊन बघावा.

आपला,
एक निवृत्त कीमन, मिरज
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा दिला आहे.)