बाबा, आता दुखणं अंगावर काढू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या नव्या औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र मी शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आई, औषधाला नाव नाही, नुसती अक्षरं-आकडे आहेत, म्हणून तू धास्तावलीस. चाचणीतल्या औषधांचं तसंच असतं गं.

टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, कॅन्सरला मारू शकतात. पण त्यांनी आपल्याच अवयवांवर तुटून पडू नये म्हणून त्यांच्यावर ब्रेकसारखी काही प्रथिनं असतात आणि कॅन्सर नेमका त्यांचाच फायदा घेतो. चाचणीतलं हे औषध म्हणजे एक अँटीबॉडी, ती अशाच एका प्रथिनाला, लॅग-३ ला, चिकटून त्याचं काम अडवते. कॅन्सरवर वार करायचा तो तुमच्याच पेशींनी. असा ब्रेक सोडवणारं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. ब्रेक सोडवून कॅन्सरशी लढण्याच्या या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. लॅग-३ वरचं पहिलं औषधही २०२२ मध्ये तिथे मंजूर झालं, पण मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरसाठी, आणि दुसऱ्या औषधाच्या जोडीनं. तुमचा आजार फुफ्फुसाचा. टिजिट नावाच्या प्रथिनावरच्या औषधानं याच आजारात छोट्या चाचणीत मोठी आशा दाखवली होती, मोठ्या चाचणीत ती टिकली नाही. म्हणून मी आशा धरते, पण तुम्हाला खात्री देणार नाही.

मला खरी काळजी तुमच्या स्वभावाची वाटते, बाबा. तुम्ही ताप आला तरी कुणाला सांगत नाही. इथे ते चालणार नाही. ब्रेक सुटल्यावर टी-पेशी आतडी, फुफ्फुसं, यकृत, थायरॉइड, कशावरही उलटू शकतात, कधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. जुलाब, नवा खोकला, धाप, पुरळ, न जाणारा थकवा यांतलं काहीही झालं की त्याच दिवशी चाचणीच्या डॉक्टरांना फोन करा. जुलाबाची गोळी घेऊन वाट बघत बसू नका. वेळेवर कळलं तर स्टिरॉइडनं बहुतेक वेळा आवरतं. उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं. आई, ते बोलले नाहीत तर तू फोन कर. ते रागावले तरी कर.

सही करण्याआधी एवढं विचारा: चाचणीत गेलो नाही तर कोणते उपचार मिळतील, आणि मला कोणत्या गटात टाकायचं हे कसं ठरणार? सही केल्यावरही कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. त्यानं तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नका. तुम्ही हो म्हणा की नाही, मी तुमच्या बाजूनं आहे.

चाचणीचं कार्ड मिळालं की पाकिटात ठेवा, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी ते दाखवा.

तुमची लेक